मृत्युपत्रावर केझायाची सही

केझाया बंटिंगने मिस ड्रुसिला हेथॉर्नकडे सव्वीस वर्षं काढली. बाईसाहेबांच्या बोटांची शाई लिंबानं घासून काढायची, आणि गावात कुणी विचारलंच तर त्या पत्रं लिहितात म्हणून सांगायचं. खरं तर त्या कादंबऱ्या लिहीत, तीन-तीन खंडांच्या, पुरुषाच्या नावानं. पाद्रीसाहेबांची बायको चहाला येऊन त्या 'गृहस्था'चं तोंड भरून कौतुक करायची, तेव्हा केझायाला हसू आवरत नसे.

चाळिशीला आलेल्या केझायाला बाईसाहेबांनीच लिहायला शिकवलं. मग छापखान्याला जाणारी स्वच्छ प्रत तिच्याच हातची असे.

छातीचं दुखणं बळावलं, तशी बाईसाहेबांनी मृत्युपत्र लिहायला घेतलं. घर, पुस्तकांचे हक्क आणि न छापलेली शेवटची कादंबरी, सगळं केझायाला. त्या कादंबरीत हेथॉर्न घराण्याची सारी लफडी होती. भाचा सेप्टिमसच्या हाती ती लागली तर शेगडीतच जाणार, हे दोघींना ठाऊक होतं.

"वकिलाला बोलावू का?" केझायानं विचारलं.

"अगं, माझ्या नऊ कादंबऱ्यांत सहा मृत्युपत्रं झाली. वकील मला काय शिकवणार?"

दोन साक्षीदार लागतात, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. एक दारात आलेला कोळसेवाला. "आणि दुसरी तू. तुझ्यासारखं अक्षर या गल्लीत आहे कुणाचं?"

केझायानं हात धुतले, पुसले आणि झोकात सही केली.

मार्चमध्ये बाईसाहेब गेल्या. वकील पॉकलिननी कागद दोनदा वाचला.

"ही सही तुमची?"

"हो, साहेब."

"ज्याला मिळायचं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, बाई. तुमच्या नावचं सगळं रद्द होतं. आता ते या भाच्याचं, जवळचे वारस म्हणून."

सेप्टिमस पाय पसरून बसला होता. "मावशीनं तुला शिकवलं, ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं म्हणायचं," तो म्हणाला आणि त्यानं कादंबरीच्या कागदांच्या पेटीकडे हात केला.

केझायाला संताप आला, रडूही आलं. तिनं पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"मला एकदा विचारायचं तरी होतं त्यांनी," पॉकलिन हळहळले.

"हे कळायच्या आधी गेल्या, तेवढं बरं झालं," केझाया म्हणाली. "त्यांना सोसलं नसतं."