बाबांची जीभ आणि कडू कागद

मी वर्ध्याला बीएस्सीला होते तेव्हाची गोष्ट. आनुवंशिकता शिकवताना सरांनी आम्हाला कागदाच्या बारीक पट्ट्या दिल्या. त्यांना कसलंसं औषध लावलेलं. कुणाला ते कडूजहर लागतं, कुणाला नुसता कागद. घरच्यांच्या जिभा तपासून आणा, म्हणाले.

मला काय, आयतीच गंमत! केळझरजवळच्या आमच्या भाजीच्या वाडीत गेले आणि आईबाबांना म्हटलं, आ करा. आईनं पट्टी जिभेवर ठेवली मात्र, थू-थू करत माठाकडे पळाली. "पोट्टे, मायले जहर चारून राह्यली काय!" बाबा निवांत चघळत बसले. "कागद हाय. अजून काय?"

मी शहाणपणा पाजळला. ही जीभ आईबापाकडून येते; मला कॉलेजात पट्टी कडू लागली होती, म्हणजे ते आईकडूनच आलं. बाबा जाम खूश. "पाय, मी म्हणतच होतो. कडूपणा तुह्या माहेरचा. आमच्या घराण्यात नाई."

आई हसली नाही. बाजारात न खपलेली कारली आमच्याकडे रोज शिजायची. मी तोंड फिरवायची, पण बाबा वीस वर्षं मुकाट दोनदा वाढून घेत. आईचा सगळा तोरा त्यावर. "म्हणजे यायले कडू लागतच नाई," ती म्हणाली. "अन् मी येडी, समजत होती का माह्या हातचं आवडते." दोन दिवस ती बाबांशी धड बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. काडी मीच लावली होती ना!

सरांना गाठलं. ते म्हणाले, अगं, ही पट्टी एका तऱ्हेच्या कडूची, कारल्याचं कडू निराळं. आज, इतक्या वर्षांनी, संशोधकांनी या चवींचे वेगवेगळे जीन शोधून काढलेत. त्या काळी मात्र सरांचा शब्दच पुरावा. तो घेऊन मी घरी धावले.

आईनं लगेच कारलं केलं. बाबांनी घास घेतला तशी समोर येऊन बसली.

"कडू लागते काय?"

"जहर हाय."

"अन् आजवर?"

"आजवरही जहरच होतं."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"वाढलं का तू माह्या तोंडाकडं पायत राहे. कसं सांगू?"

आईचे डोळे भरून आले. तिनं बाबांच्या ताटातलं कारलं उचललं आणि सगळंच्या सगळं माझ्या ताटात ओतलं.

"खा आता. तुलेच लय हौस तपासाची."