तुइस्कुचा आवळलेला मोजा

माझ्या तासाला कुणी मोजे विणत बसलं की माझं डोकं फिरतं. बर्फाळ मुलखातल्या आमच्या बागकामाच्या कॉलेजात हे सर्रास चालतं. मुलीच काय, मुलगेही विणतात, आणि बोललं तर मलाच म्हातारी ठरवतात. तुइस्कु लेप्पाहो तर तिसऱ्या बाकावर, अगदी माझ्या नाकासमोर विणायची. त्यात माझ्याच माती विषयात ती दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा एकेका गुणाने. या वेळी गेली तर तिचा प्रवेशच रद्द होणार होता.

शेवटी मी तिला बोलावून घेतलं.

"हेल्वी, मी अभ्यास करत नाही असं नाहीये गं," ती म्हणाली. आमच्याकडे शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात. शनिवार-रविवार ती वृद्धाश्रमात काम करायची. उरलेल्या दिवसांत कसेबसे नऊ तास मातीला मिळायचे. "पहिल्या धड्यापासून सगळं सारखं वाचते."

"आणि तासाला हात सुयांवर!"

"हात चालू असले तरच मला ऐकू येतं. पण हे बघ, काय झालंय."

तिने पिशवीतून मोजा काढला. कुठे सैल, कुठे करकचून आवळलेला. आधी तिला वाटलं, आपला हात बिघडला. पण दर तासाला ती लोकरीचा रंग बदलायची, म्हणून तिने वह्यांशी ताडून पाहिलं. जे कळलं होतं तिथली वीण सैल होती. जिथे डोक्यावरून गेलं होतं तिथे घट्ट.

मला हसू आलं, पण राहवेना. मी माझं वेळापत्रक काढलं आणि कोणता रंग कोणत्या धड्याचा ते आम्ही दोघी जुळवत बसलो. घट्ट पट्टे पाचच निघाले.

"मग नऊ तास सगळीकडे का उधळतेस? या पाचांवर घाल."

तिने तसं केलं. तीन आठवड्यांत चार गोष्टी तिला कळल्या. पाचवी, पिवळ्या पट्ट्याची, काही केल्या कळेना. हिवाळ्यात जमीन वर का उचलली जाते, हा तो धडा.

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" मी वैतागले. "पाणी गोठलं की फुगतं, म्हणून जमीन उचलली जाते."

"किती फुगतं?"

"दहावा हिस्सा. त्याहून थोडं कमीच."

"मग गावी, कुह्मोला, आमच्या दारातली पायरी वीतभर कशी वर येते? त्याला खाली दोन मीटर नुसतं पाणी लागेल, हेल्वी. खाली तर माती आहे."

मी मूळची गुलाबांची लागवड शिकवणारी. मातीचा विषय अकरा वर्षांपूर्वी निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याने वह्यांसकट माझ्या गळ्यात मारला होता, आणि हे वाक्य त्याच्या वहीतलं. वर आलेल्या पायऱ्या आम्ही जन्मापासून बघतोय, त्यामुळे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "चल, शोधू."

ग्रंथालयात तीन तास गेले. शेवटी सापडलं. गोठणारा थर खालच्या मातीतलं पाणी स्वतःकडे ओढत राहतो, बर्फावर बर्फ साचतो, आणि तो जाड होत जाऊन जमीन उचलतो. तुइस्कुने टाळ्या पिटल्या. ग्रंथपालाने डोळे वटारले.

ती गेल्यावर मी कपाटातून तिच्या जुन्या दोन उत्तरपत्रिका काढल्या. तो प्रश्न दोन्हींत होता. बाकीच्या वर्गाने माझं वाक्य जसंच्या तसं लिहून दोन-दोन गुण घेतले होते. तुइस्कुने दोन्ही वेळा लिहिलं होतं, 'पाणी फुगतं, पण तेवढ्याने भागत नाही. बाकीचं कुठून येतं?' त्यापुढे मी भोपळा दिला होता. खाली माझ्याच अक्षरात शेरा होता, 'अभ्यासाला जास्त वेळ द्यावा.'

कार्यालय बंद व्हायच्या आत मी त्या उत्तरपत्रिका घेऊन धावत गेले. ती पास होती, पहिल्याच वेळेपासून.