आम्ब्रुशचं अर्धपोटी यंत्र

आमच्या कोवास्ना गावात आम्ब्रुशच्या दुकानाशेजारी राहायचं म्हणजे आरडाओरडा सहन करायची तयारी हवी. तो कानातली श्रवणयंत्रं दुरुस्त करतो, आणि यंत्र टेबलावर उघडं पडलं की गिऱ्हाइकाशी ओरडूनच बोलावं लागतं. माझी बेकरी भिंतीला भिंत लावून, त्यामुळे निम्म्या गावाची गुपितं मला फुकटात कळतात. आम्ब्रुश पन्नाशीचा, सडाफटिंग. बाईमाणूस दुकानात शिरलं की हातातला स्क्रू हमखास पाडायचा.

एकदा विल्मा आली. ती वरच्या आरोग्यधामातलं वायुकुंड सांभाळते. आमच्या डोंगराच्या पोटातून कार्बन डायऑक्साइड वर येतो. पाय दुखणारी माणसं कुंडाच्या पायऱ्यांवर कमरेपर्यंत त्या वायूत बसतात. कमरेपर्यंत औषध, नाकापर्यंत मरण. विल्मा मेणबत्ती खाली नेऊन वायूची पातळी बघायची. शिवाय आरोग्यधामाच्या साहेबांनी तिला प्राणवायू कमी झाला की किंचाळणारं, गळ्यात अडकवायचं एक यंत्र दिलं होतं. तेच तिने टेबलावर आपटलं.

"हे मेलं दुपारपर्यंत सुद्धा टिकत नाही! बॅटरी संपताना असं बोंबलतं, की माझे पेशंट चपला सोडून पळतात."

आम्ब्रुशने स्क्रू पाडला, उचलला, यंत्र उघडलं. "सेन्सर गुणी आहे गं. प्राणवायू लागला की स्वतःच चिमूटभर वीज बनवतो. ती वाढवणारा हा अ‍ॅम्प्लिफायर मात्र खादाड. बॅटरी बसल्या जागी फस्त करतो."

"मग उपाशी ठेव त्याला."

"अर्धपोटी राहणारा घालतो, श्रवणयंत्रात असतो तसला. फक्त जरा सुस्त असतो."

"सुस्त? आणि वायू चढला तर?"

"वायू काय घोड्यावर बसून येतो? सेन्सरलाच हवा ओळखायला थोडा वेळ लागतो. मग त्याच्या मागे वेगवान अ‍ॅम्प्लिफायर कशाला हवा?"

आठवड्याभरात काडेपेटीएवढं यंत्र तयार झालं, बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारं. विल्माने ते कॉलरला लावलं आणि कुंडाच्या दारातच, स्वच्छ हवेत, ते किंचाळायला लागलं. तिचा रोजचा पेशंट, गेर्गेय नावाचा निवृत्त वनरक्षक, हसून हसून लाल झाला. "विल्मा, तुझ्या ब्रोचला दात येतायत वाटतं!"

आम्ब्रुश मान खाली घालून यंत्र घेऊन आला. रात्रभर चरफडल्यावर त्याला उमगलं: एवढ्या बारीक विजेला कुंडातली ओलसुद्धा वाट देते, ती भलतीकडे झिरपते. जोडण्या झाकायला हव्यात. सकाळी त्याने विल्माला दुकानासमोरच गाठलं.

"तुझ्याकडे नखांचं पॉलिश आहे का?"

"कोणासाठी रे?" विल्माने डोळे बारीक केले. मी पाव तसेच टाकून खिडकीशी आले.

त्याचे कान तांबडे झाले, पण पॉलिश मिळालं. जोडण्या डाळिंबी रंगल्या आणि यंत्र शहाण्यासारखं गप्प बसलं.

मग एका कुंद दिवशी ढग डोंगरावर टेकले. असल्या हवेत वायू नेहमीपेक्षा वर चढतो. विल्मा पायऱ्यांवर वाकून एका बाईंची शाल सरळ करत होती, तोच कॉलरवर किंकाळी उठली. "उठा! सगळे वर!" माणसं भराभर वर चढली. गेर्गेय तेवढा खालच्या पायरीवर वाकून निवांत चप्पल शोधत होता. विल्माने श्वास रोखला, खाली उतरली आणि त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. दारात तो खोकला, मग चिडला. "ओरडायचं तरी!"

"ओरडलो की सगळे! तुम्हाला ऐकू येत नाही, काका!"

"मला? मला सगळं ऐकू येतं!"

दुसऱ्या दिवशी तो आम्ब्रुशच्या दुकानात आला आणि इतक्या मोठ्याने "मी सहज आलोय" म्हणाला, की माझ्या कपाटातल्या बशा थरथरल्या.

आता शेजारच्या गावांतली वायुकुंडंही आम्ब्रुशकडून यंत्रं नेतात. पॉलिश लावायचं काम विल्माचं. तिने दुकानात स्वतःची खुर्ची आणून ठेवली आहे. ती बसली की आम्ब्रुशच्या हातून स्क्रू अजून पडतात, फक्त हल्ली उचलायला दोघंही वाकतात आणि बराच वेळ वर येत नाहीत.