परत न आलेला दिवा

माझे वडील एक गोष्ट फार आनंदानं सांगायचे. कन्हेरीच्या आमच्या वस्तीवर कुणी पाहुणा आला, विहारात कुणी नवं माणूस भेटलं, की सांगायचेच. "इंदापूरच्या पाण्यावर साठ-सत्तर दिवे सोडले हुते. समदे परत आले. आमच्या हिचा तेवढा गेला." ऐकणारा मान हलवायचा. मी आत असले तर उगाच भांडी आपटत लावायला लागायचे. त्या गोष्टीतला खोटेपणा माझा होता. तो मी आज, पन्नाशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी बारामतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वडील कालव्यावर पाटकरी, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारे. त्या वर्षी दिवाळीनंतर विद्यापीठानं दहा दिवसांचा एक वर्ग आमच्याकडं पाठवला: जपान आणि आशियातल्या इतर देशांच्या चालीरीतींची ओळख. शिकवायला एक जपानी बाई होत्या, आणि थायलंडचा एक लाजाळू संशोधक, जो बोलण्याऐवजी हसायचा. बाई मराठी पुस्तकांतून शिकलेल्या. "आपण सर्वांनी कृपया पादत्राणे बाहेर ठेवावीत," असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझी मैत्रीण कानाशी पुटपुटली, "बघ, आपल्या खेटरांना पण मान मिळाला." ती इंदापूरकडच्या ऊसवाल्या घरातली. दीड वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो, एका डब्यात जेवत होतो.

ते दहा दिवस मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात. हॉलमध्ये सतरंज्या, खिडक्यांतून येणारं पिवळं ऊन, मधूनच कारखान्याकडून येणारा मळीचा वास, आणि त्या सगळ्यात बाईंचे दोन हात. त्या काहीही उचलायच्या ते दोन हातांनी. खडूसुद्धा. एक फूल आणि एक वाकडी काटकी त्या तासभर मांडत बसायच्या, आणि आम्ही, घरी दोन मिनिटांत झाडून काढणाऱ्या मुली, श्वास धरून बघायचो. घरी आल्यावर मी वडलांना पाण्याचा तांब्या दोन हातांनी दिला होता. ते म्हणाले, "जड हाय का गं?"

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "आपणांपैकी बौद्ध कोण आहेत?" विचारताना त्यांचा चेहरा उजळला होता. कुणीतरी आपल्या घरचं भेटेल असा. मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी हात वर केले, अगदी सहज. माझा हात मांडीवर होता. तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. मैत्रिणीनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, वडलांची रोज सकाळची वंदना, आणि इथं मी खाली मान घालून सतरंजीचे धागे मोजत होते. कॉलेजात मला कुणी कधी वावगं बोललं नव्हतं, हेही सांगायला हवं. मी घाबरत होते ते न घडलेल्या गोष्टीला.

चौथ्या दिवशी चहा झाला. दाट, हिरवा, एकाच वाडग्यातला. बाईंनी सांगितलं की ह्या चहाला प्रत्येकाचा वेगळा पेला नसतो. एकानं तीन घोट घ्यायचे, वाडग्याची कड पुसायची, वाडगा फिरवून शेजाऱ्याला द्यायचा. कोथिंबीर वाटून आटवावी तशी चव होती. मी कड पुसली, वाडगा दोन हातांनी मैत्रिणीला दिला. ती प्यायली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "ह्यापरीस आमच्या म्हशीची पेंड बरी गं." मी हसले. पण आत काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. तिनं माझ्यानंतर त्या वाडग्यातून प्यावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते मी तिला काही न सांगता मिळवलं होतं.

शेवटच्या दिवशी दिवे सोडायचे ठरले. वारलेल्या माणसांसाठी जपानात पाण्यावर कागदी कंदील सोडतात. थायलंडात केळीच्या खुंटाची होडी करून तिच्यात दिवा ठेवतात. आम्ही दोन्ही एकत्र केलं. खाली केळीच्या खुंटाची चकती, तिच्यावर मेणबत्ती, भोवती पतंगाचा कागद, आणि तो ताठ धरायला ज्वारीच्या ताटातला हलका पांढरा भेंड, ज्याच्या आम्ही लहानपणी बैलगाड्या करायचो. बाईंनी भेंड हातात घेऊन हुंगला आणि म्हणाल्या, "हे फार उत्तम आहे." वर्गाचा ऊर भरून आला.

हे मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही.

वडलांनी जेवता जेवता हात थांबवला. "पिंडाचा परकार न्हाय ना ह्यो? तसलं आपण सोडलंय."

"नाही, आबा. नाव लिहायचं नि दिवा लावायचा. आठवण म्हणून."

"आत्मा-बित्मा?"

"नाही म्हणाल्या बाई. म्हणजे, ज्याचं त्यानं ठरवायचं."

त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "आठवणीला काय हरकत न्हाय. मी बी येतो. चारीचं दार टाकून पाणी थांबवतो नि येतो. नाव पुरं लिही तिचं. माझं नाव, आडनाव, गाव. अर्धं लिहू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये बाईंनी सगळ्यांना कुंचले दिले. मैत्रीण माझ्यासमोर बसली होती. तिनं आजीचं नाव लिहिलं, फुगवून फुगवून. माझा कुंचला कागदावर टेकेना. माझ्या आईचं नाव आमच्या आळीतच ऐकू यायचं. ते वाचलं की पुढचा प्रश्न ठरलेला. शाईचा थेंब टोकाशी गोळा झाला, आता पडेल असा, आणि मी लिहिलं. स्टँडसमोर एका डॉक्टरीणबाईंची पाटी होती, रोज एसटीतून दिसायची. त्या पाटीवरचं नाव. नुसतं नाव, पुढं-मागं काही नाही.

मैत्रिणीनं वाकून वाचलं. "किती छान नाव होतं गं तुझ्या आईचं."

"हो," मी म्हणाले.

लिहिलेला कागद बदलता आला असता. ते 'हो' नाही.

संध्याकाळी कॉलेजच्या गाडीनं आम्ही इंदापूरच्या बाजूला, भीमेच्या फुगवट्याच्या काठावर गेलो. धरणाचं मागं साठलेलं ते पाणी. त्याच्या तळाशी जुनी गावं आहेत, रस्ते, विहिरी, उंबरे. पाण्यात वाळक्या बाभळी उभ्या होत्या आणि सूर्य त्यांच्यामागं विरघळत होता. आम्ही दिवे सोडले. केशरी, गुलाबी, हिरवे. बाई ओल्या मातीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. मला क्षणभर वाटलं, खाली बुडालेल्या गावातही आता कुणीतरी दिवाबत्ती करत असेल.

वडील पोचले तेव्हा दिवे आत गेले होते. खाकी सदरा, एसटीच्या टपावरून आणलेली सायकल बाभळीला टेकवलेली. ते माझ्याकडं आलेच नाहीत, सरळ पाण्याकडं गेले. जाता जाता त्यांनी बाईंना हात जोडले आणि आमच्यात नमस्काराच्या जागी जे म्हणतात ते म्हणाले, नेहमीसारखं मोठ्यानं. बाई उठून कमरेत वाकल्या. मैत्रिणीनं फक्त विचारलं, "कोण गं ते?"

"वडील."

मग वारा फिरला. आधी एक दिवा थांबला, मग सगळेच. आणि सगळी रांग हळूहळू काठाकडं परत यायला लागली. मुलं हसायला लागली. "आजी, काय विसरलं का?" कुणीतरी आपल्या दिव्याला ओरडून विचारलं. बाई गोंधळून बघत राहिल्या. त्यांच्या देशात दिवे नदीनं समुद्राकडं जायचे.

"साठवणीचं पाणी हाय बाई हे," वडील म्हणाले. पाण्याचं त्यांना बरोबर कळायचं. "हितं पाण्याला वाहाव न्हाय. वारा नेतो नि वाराच आणतो."

त्यांनी धोतर वर खोचलं आणि पाण्यात शिरले. एकेक दिवा दोन हातांनी वळवून घ्यायचे, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे, आणि पुन्हा आत लोटायचे. ते आईला शोधत होते. मी काठावर उभी.

"अगं, अशी काय उभी? चल की मदतीला," म्हणत मैत्रीण सलवार वर धरून पाण्यात उतरली. माझा दिवा तिनं पाहिलेला होता. तिनंच तो ओळखून उचलला. "काका, हा बघा, सापडला!"

वडील वळले. वाकून वाचलं. "न्हाय पोरी. ही आमची न्हाय."

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. मेणबत्तीचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. तिला सगळं कळलं, हे मला कळलं. ती वळली आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाची असंल, काका."

"आडनाव न्हाय, गाव न्हाय," वडील म्हणाले. "कुणाच्या पोरीनं एवढा आळस केला? घर कसं घावायचं हिला?" त्यांनी तो दिवा तिच्या हातातून घेतला आणि इतरांपेक्षा जरा जपून आत सोडला. "जा बाई. तू बी जा."

शेवटचा दिवा वाचून ते बाहेर आले. भिजलेले, थंडीनं काकडलेले, आणि चेहऱ्यावर असं काही की तसं मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "हिचाच तेवढा आला न्हाय बघ. गेली पार." मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांची सायकल धरून उभी राहिले.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेऊन आली, माझ्यासाठी चपातीचा लाडूही. तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मीच हळूहळू दुसऱ्या बाकावर बसायला लागले. ते न घडलेलं, ज्याला मी इतकं भ्यायले, ते शेवटी मीच घडवलं.

वडील गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "माझा बी दिवा सोड तसाच. हिच्यावानी जाईल का गं?" सांगायची ती शेवटची वेळ होती. मी म्हणाले, "जाईल, आबा."

दिवाळीनंतर मी एकटी तिथं गेले. ज्वारीच्या ताटाचा भेंड, केळीची चकती, पतंगाचा कागद. एकाच दिव्यावर दोघांची नावं लिहिली, पुरी. आडनाव, गाव, आळीसुद्धा. सूर्य बाभळीमागं गेला तेव्हा सोडला. आत गेला, थांबला, आणि वाऱ्यानं परत माझ्या पायांशी आला. जाणारच नव्हता. मी साडी वर खोचून पाण्यात उतरले, तो दोन हातांनी धरला आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचली.

काठावर जाळं गोळा करणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कुणाची गं नावं?"

"माझ्या आईवडलांची," मी म्हणाले, आणि दिवा पुन्हा आत लोटला.