पांढऱ्यावर पांढरं

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन डोकी आणि चार हात दिसत होते. बाकी काही नाही. प्रज्ञाची पांढरी साडी आणि प्रतीकचा पांढरा कुर्ता मागच्या बर्फात पार बुडून गेले होते.

"काका, बरोबर येऊन राहिलं ना?" प्रतीकने दात वाजवत विचारलं.

"मस्त," मी म्हणालो. फोटोग्राफरला एवढं खोटं बोलावंच लागतं. नवरा-नवरी घाबरले की चेहरे ताठ होतात आणि ताठ चेहऱ्याला कुठलीच लेन्स वाचवत नाही.

आम्ही मनालीच्या वर, एका लाकडी घराजवळच्या उतारावर होतो. माझा अमरावतीत स्टुडिओ आहे. आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले, पण आउटडोअरला चिखलदऱ्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. हल्ली प्री-वेडिंग शूट झाल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही, म्हणून हा योग आला. बर्फ मी त्या सकाळीच पहिल्यांदा पाहिला. गाडीतून उतरलो आणि बॅग खांद्याला लावून नुसता उभा राहिलो. एवढं पांढरं मी कापसाच्या जिनिंगच्या आवारातही पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

बर्फाची हौस प्रतीकची. साडीचा हट्ट प्रज्ञाचा. बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यातच असतात, त्यात नवल नाही. पण ही साडी तिच्या आईची, वंदनाताईंची होती. लग्नाआधी सहा महिने बसून त्यांनी तिच्या पदरावर पांढऱ्याच दोऱ्याने वेल भरली होती. त्यांचं लग्न तिवशाला, मे महिन्यात, भर दुपारी झालं. फोटो मीच काढले. धंद्यात नवा होतो. वरून ऊन, समोरून माझा फ्लॅश. अल्बममध्ये साडी कोऱ्या कागदासारखी आली. वेल गायब.

वंदनाताई अल्बम घेऊन स्टुडिओत आल्या, तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌ शब्द आठवतं. "ताई, पांढऱ्यावर पांढरं भरलं, तर फोटोत दिसन कसं?" नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. त्या अल्बम उचलून निघून गेल्या.

मनालीला निघायच्या आधी त्यांची मुलगी तोच अल्बम घेऊन स्टुडिओत माझ्यासमोर बसली. "काका, या टायमाले वेल दिसली पाहिजे. नाही त फोटोच नोको." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वंदनाताईही आमच्यासोबत आल्या. लग्नाआधी दोघांनाच एवढ्या दूर कोण पाठवतं?

तर आता उतारावरची पंचाईत. कॅमेऱ्यात उजेड मोजणारं मीटर असतं. त्याला समोरचं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं. म्हणून बर्फ दिसला की ते घाबरून उजेड कापतं आणि बर्फ राखेसारखा येतो. त्यात माझा हात वऱ्हाडातल्या उन्हाने घडलेला. उजेड कमी करायची सवय हाडात भिनलेली. पहिले वीस फोटो राखेतच गेले. मग मी उजेड वाढवला, तर सगळं ओव्हर झालं, म्हणजे पांढऱ्यातला तपशीलच जळाला. शेवटी चांदीच्या कागदाचा रिफ्लेक्टर काढून समोरून उजेड मारला. तिवशाला केलं होतं, अगदी तेच पुन्हा.

इकडे प्रज्ञाचे ओठ काळेनिळे पडत होते. साडीच्या आत थर्मल होतं, तरी पाच मिनिटांच्या वर तिला उभं ठेवता येत नव्हतं. दर पाच मिनिटांनी वंदनाताई तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळत. थंडीत बॅटऱ्या पटापट उतरतात आणि ऊब मिळाली की थोड्या सावरतात, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या त्यांनी स्वेटरच्या आत, कमरेच्या पिशवीत उबेला ठेवल्या होत्या. तीन वाजता गाडी खाली निघणार होती. एक वाजून गेला होता.

"एखादी लाल शाल घेऊ का खांद्यावर?" मी विचारलं.

"अन् वेल झाकू?" प्रज्ञा म्हणाली. मी शालीचा विषय सोडला.

तिने ब्लँकेटमधून मान बाहेर काढली. "काका, तुमी आमाले उनात काहून उभं करून राहिले?"

"उजेड नको?"

"आमी कापूस उनात पाहतच नाही. उनात कवडीबी पांढरीशुभ्र दिसते."

प्रज्ञा अकोल्याकडच्या एका खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. म्हणजे कापसाची प्रत ठरवते. डागाळलेला, किडका कापूस म्हणजे कवडी. ती चांगल्या कापसात मिसळली की ओळखायची कशी, हे तिचं रोजचं काम.

"सावलीत न्यायचा. उजेड एकाच बाजूनं आला पाहिजे. मंग पांढऱ्यातले पांढरे वेगळे होतात," ती म्हणाली आणि सरळ घराच्या मागे, उत्तरेच्या बाजूला गेली. तिथे घराची सावली बर्फावर पडली होती. तिने मूठभर बर्फ उचलला आणि पदराशेजारी धरला. "पाहा. बर्फ निया हाय. साडी सायीसारखी."

मी पाहिलं. खरंच निळा होता. सावलीतला बर्फ निळा, कडेचा जांभळट, दूर उन्हातल्या शिखरावरचा किंचित गुलाबी. आणि त्या सगळ्यात साडी पिवळसर, उबदार. एका बाजूला लाकडी भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळं आकाश. उजेड फक्त आकाशाकडून तिरपा येत होता. त्या उजेडात पदरावरचं एकेक पान उठून उभं राहिलं. प्रत्येक पानाला आपापली बारीक सावली. जवळजवळ तीस वर्षं मी पांढरं म्हणजे एकच रंग समजत होतो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा आश्चर्यच मोठं होतं. मी कॅमेरा खाली धरून बघतच राहिलो.

"काका, मी गोठून राहिली!" प्रज्ञा ओरडली.

मग मात्र धडाधड फोटो काढले. प्रतीकने तिचे गार हात आपल्या हातांत घेतले. तसं करा म्हणून मी सांगितलं नव्हतं. तोच फोटो सगळ्यांत चांगला आला. तेवढ्यात बॅटरी संपली.

वंदनाताईंनी पिशवीतून दुसरी काढून दिली. मी ती घातली आणि स्क्रीनवर पदर मोठा करून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसला. मग बोट स्क्रीनला न लावता, वरच्या वर वेलीच्या देठापासून टोकापर्यंत फिरवलं.

"मी समजत होती, दोरा चुकला माहा," त्या म्हणाल्या. "तान्ह्या प्रज्ञाच्या कुंचीवर मंग लाल दोऱ्यानंच भरलं. पांढरं पुन्हा कदी हाती घेतलंच नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, चूक साडीची नव्हती."

"नव्हती, ताई. माझी होती."

त्यांनी मान डोलावली. उतरलेली बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा उबेला ठेवली.

तेव्हापासून फोटो बिघडला की मी आधी स्वतःला तपासतो, मग उजेड, मग कॅमेरा. साडीपर्यंत जायची वेळ अजून आलेली नाही.