एकाच फ्लॉपीत

रिकामी जागा दिसली की ज्याला धड श्वास घेता येत नाही, असा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा कुणीही बसवतं. साडू पाचव्याला हाक मारतात. स्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. पंजाएवढ्या पत्रिकेत त्यांनी एकदा एकशे चौदा नातेवाईक बसवले. मी स्वतः मोजले. एकही मामा रुसला नाही. फक्त तारीख वाचायला भिंग लागलं. "तारीख समद्यायला तोंडपाठ असती, साडूभाऊ," ते म्हणाले. "नाव न्हाई आलं तर माणूस मांडवात येत न्हाई."

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला. साधी फ्लॉपी १४४० किलोबाइटची. कंपनी तिच्यावर ऐंशी वर्तुळं आखते. साडूंनी कुठूनसा प्रोग्रॅम मिळवून ब्याऐंशी आखली, प्रत्येक वर्तुळात अठराऐवजी एकवीस खाने पाडले, आणि १७२२ किलोबाइट भरू लागले. मी कागदावर हिशेब करून पाहिला; बरोबर आहे. निम्म्या मापाच्या जुन्या फ्लॉप्यांना ते पोती शिवायचं दाभण तापवून कोपऱ्यात भोक पाडत, म्हणजे मशीनला ती पूर्ण मापाची वाटे. "जागा कंपनीनंच देलेली हाय," ते म्हणत, "फक्त सांगितलेली न्हाई." अडचण एकच. त्यांच्या ड्राइव्हचं मुंडकं, म्हणजे फ्लॉपी वाचणारा भाग, केसभर सरकलेलं होतं. त्यामुळे इतकं दाटीनं लिहिलेलं फक्त त्याच ड्राइव्हला वाचता येई. माझी बायको म्हणायची, "दाजी, तुमची फ्लॉपी तुमच्यासारखीच. घर सोडून कुठं तोंड उघडत न्हाई."

नव्व्याण्णव साली शिरड शहापूरच्या एका शिक्षिकेचा प्रबंध त्यांच्याकडे टाइप होत होता. हळद शिजवणाऱ्या बायांच्या कामावर, २३६ पानं, फोटोंसकट. शाळा सांभाळून बाईंनी सहा वर्षं घातली होती. छपाई नांदेडला व्हायची होती, कारण लेझर प्रिंटर तिथे. बाई म्हणाल्या होत्या, "भाऊ, दोन फ्लॉप्यांत द्या." साडूंना ते जिव्हारी लागलं. "काहून दोन? एकीत बसून राहिलंय की आरामात! नांदेडची मशीनं नवी हायेत, समदं वाचतील."

जमा करायच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच नांदेडला पोचलो. दुकानदाराने फ्लॉपी घातली. मशीन घरघरलं आणि गप्प झालं. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. बाईंनी हातातली कोऱ्या कागदांची रिमं खुर्चीवर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "पाच वाजता हापीस बंद होतं. आज न्हाई झालं तर माझी नोंदणीच रद्द होती."

साडूंनी वसमतला फोन लावला. लाइट गेलेली, संध्याकाळशिवाय येणार नाही. म्हणजे तिथे जाऊन दोन फ्लॉप्यांत उतरवून आणायची सोयही उरली नाही. मग साडू मला ओढत स्टँडवर निघाले. वसमतला उतरून अंधाऱ्या दुकानात त्यांनी चार स्क्रू काढून ड्राइव्हच उपटला आणि टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच शेजारी कुणाला बसू दिलं नाही.

"बाळ हाय का?" मागच्या बाईने विचारलं.

"व्हय. हादरा चालत न्हाई त्याला," साडू म्हणाले.

अडीचला ड्राइव्ह नांदेडच्या मशीनला जोडला. फ्लॉपी पहिल्या दमात बोलली. पाचला दहा मिनिटं कमी असताना चार प्रती विद्यापीठाच्या कचेरीत पोचल्या. पोचपावती घेऊन बाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. साडू खांबाकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्राइव्ह पुन्हा दुकानात बसवला. परतीच्या एसटीच्या हादऱ्यांनी मुंडकं पुन्हा सरकून नेमकं कंपनीच्या जागेवर बसलं होतं. आता तो बाजारातल्या साध्या फ्लॉप्या बिनबोभाट वाचत होता. त्यांच्या स्वतःच्या शहाऐंशी फ्लॉप्यांपैकी एकही नाही.

"तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का?" मी विचारलं.

"ठाऊक होतं की. स्क्रू खोलतानाच ठाऊक होतं." मग म्हणाले, "जाऊ द्या. पत्रिकाच होत्या, लग्नं तर लागून गेली."

नुसत्या पत्रिकाच नव्हत्या, हे पुढे कितीतरी दिवसांनी त्यांनीच सांगितलं. एका फ्लॉपीत त्यांच्या लेकीचा आवाज होता. ती तीन वर्षांची असताना माइक उसना आणून घेतलेला, सगळा मिळून सव्वा मिनिटाचा. ती गाणं म्हणते, मधेच विसरते, आणि मग शेवटी खदखदून हसते.

"साध्या फ्लॉपीत," साडू म्हणाले, "ती हसायच्या आधीच जागा संपली असती."