लाँड्रीतला ओढा

आमच्या खालच्या मजल्यावरची पोर्तुगालची आजी चालता चालता लोकर कातायची. इथं अमेरिकेत, सांता क्लारातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून चाललीय, कमरेला काठी खोचलेली, काठीच्या टोकाला लोकरीचा गुंडा, हातात चाती गरगर फिरतेय. गाड्या थांबायच्या. मी वरनं खिडकीतून बघायची, बाळाला खांद्यावर घेऊन, कारण आमच्याकडच्या धनगरणी अश्शाच मेंढरांमागं कातत चालायच्या, आणि ही गोरी म्हातारी हे कुठनं शिकली असेल ते मला काही कळेना.

खाली जायची मात्र भीती. नववीत शाळा सुटलेली, इंग्रजी येत नाही, हे हॉटेलात तंदूरवर, सकाळी गेले की अंधार पडल्यावरच येणार, आणि बाळ जरा जास्त रडलं तरी वाटायचं, कुणीतरी पोलिसांना फोन करेल. म्हणून दार वाजलं तरी मी उघडायची नाही. आजी मात्र वाजवतच राहिली, उघडेपर्यंत. आत आली, बाळ बघितलं, मला बघितलं, म्हणाली, "हात रिकामे ठेवतेस म्हणून घाबरतेस." आणि लोकर दिली हातात.

तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून, उरलेलं मोबाइल सांगायचा. मी आपली विचारत सुटायची. गाव कुठं? उंच डोंगरात, अगदी हद्दीवर, घरामागचा ओढा ओलांडला की स्पेन. "आमची शेळी रोज स्पेनात चरून यायची, तिला कुणी व्हिसा विचारला नाही." हे ऐकून आमचे हे किती हसले! दगडाची घरं, खाली गुरं, वर माणसं, गुरांची ऊब वर येते म्हणून. आणि घरोघरी माग. हिच्या किचनमध्येसुद्धा टेबलाच्या जागी मागच. मी म्हटलं, "मग जेवतेस कुठं, आजी?" "उभ्यानं. बसायचं ते विणायला."

एकदा तिनं बाळाला पांघरायला लोकरीचं कापड दिलं, तिच्या आईनं गावात विणलेलं, मऊ, सैलसर, तेवढं एकच उरलेलं. बाळानं त्यावर दूध ओकलं आणि मी येडी, खालच्या लाँड्रीत गरम पाण्यात टाकलं, वर ड्रायरला लावलं. बाहेर काढलं तर निम्मं! जाड, कडक, वीणच दिसेना. रडूच कोसळलं. इथं मला माणूस म्हणून ती एक, आणि तिच्या आईची वस्तू मी घालवली. चार दिवस दार उघडलं नाही. ती बाहेरनं "मेनीना, मेनीना" करायची, म्हणजे पोरी, पोरी, आणि मी आत बाळाला छातीशी धरून बसलेली.

पाचव्या दिवशी मीच गेले. कापड नुसतं पुढं केलं. आजीनं चोळून बघितलं, उजेडात धरलं, मग नळाखाली, तर पाणी वरनंच घरंगळलं. आणि जी हसायला लागली! मग मोबाइलमधनं कळलं, त्यांच्याकडं कापड मुद्दाम असंच आटवतात. ओढ्यावर पाण्यानं चालणारे लाकडी हातोडे असतात, ते गरम पाण्यातलं कापड तासन्‌तास बडवतात, मग त्याचे मेंढपाळांचे अंगरखे शिवतात, पाऊस आत येत नाही. "चाळीस वर्षं मी इथं तो ओढा शोधतेय," आजी म्हणाली, "आणि तो लाँड्रीत होता होय!"

तेव्हापासून आमचं ठरलं. "मी विणते, तू बिघडव." किती बिघडवली असतील! लाँड्रीत रांगेतले लोक कुरकुरले की ती त्यांनाच दटावायची, "थांबा, कारागीर काम करतेय."

मग तिचा गुडघा गेला आणि लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली, लांब.

गेल्या महिन्यात लेक दारात उभी. आई गेली म्हणाली. मी चौकटच धरली. ती म्हणाली, "आई सगळ्यांना सांगायची, गाव सुटल्यावर कापड बडवणारी एकच भेटली, इंडियातली, पिढीजात कारागीर. तुमच्या घरात हे पहिल्यापासून आहे का?"

चुकून झालं हो, असं अगदी ओठावर आलं होतं. आजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "आत या ना, दाखवते."